स्टीरिओची एक बाजू गप्प का?

गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. तिथल्या सभागृहातील कपाटात सत्तरच्या दशकातला एक जपानी स्टीरिओ रिसीव्हर होता, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. त्याचा डावा स्पीकर गप्प होता आणि उजव्यातून गाण्याबरोबर सतत घुमणारा आवाज येत होता. एका दुरुस्तीवाल्याने ‘कॉइल जळली’ असे सांगून डाव्या स्पीकरची कॉइल नव्याने गुंडाळून दिली होती. पैसे गेले, आवाज काही आला नाही. आता पेटी भंगारात काढावी, असे शाळेत ठरत आले होते.

स्टीरिओच्या पोटात ॲम्प्लिफायरच्या दोन अगदी सारख्या साखळ्या असतात, एक डावी आणि एक उजवी. प्रयोग करताना आपण तुलनेसाठी दुसरा नमुना मुद्दाम ठेवतो. इथे तो कारखान्यानेच ठेवून दिलेला आहे! मग पेटी उघडण्याआधी नुसत्या अदलाबदलीने किती कळते ते पाहू.

आम्ही वीज बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. (वीज बंद करूनच. चालू यंत्रात दोन उघड्या तारा टेकल्या तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर क्षणात जातात.) आता डावा स्पीकर वाजू लागला आणि उजवा गप्प झाला. म्हणजे स्पीकर दोन्ही चांगले. दोष डाव्या जोडणीच्या मागे, रिसीव्हरकडे. स्पीकरची परीक्षा याहूनही सोपी आहे. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ‘खट्’ असा आवाज येऊन पडदा हलला, तर कॉइल जळलेली नाही. हा प्रयोग सातवीच्या वर्गातही करता येतो. तो आधी केला असता तर शाळेचा खर्च वाचला असता.

नंतर मोबाइलकडून येणाऱ्या लाल व पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. मुकेपणा डावीकडेच राहिला, म्हणून मोबाइल आणि त्याची वायर सुटली. मग हेडफोन लावला आणि दोन्ही कानांत स्वच्छ आवाज आला! सर्किटच्या नकाशाप्रमाणे या रिसीव्हरमध्ये हेडफोनची वाट स्पीकर निवडण्याच्या स्विचच्या आधीच फुटते. याचा अर्थ डावी साखळी शेवटपर्यंत ठीक होती. दोष त्या एका स्विचमध्ये.

अशा स्विचच्या संपर्कपट्ट्यांवर बहुधा चांदीचा मुलामा असतो. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. पैंजण काळे पडतात, तेही याच कारणाने. त्यात पावसाळ्यातील दमट हवा आणि धूळ यांची भर पडते. पट्ट्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारून स्विच वीसतीस वेळा फिरवला आणि डावा स्पीकर बोलू लागला. आवाज वाढवण्याची खुंटी फिरवताना होणारी खरखरही बहुतेक वेळा याच उपायाने जाते. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल मात्र घालू नये. त्याने धूळ अधिक चिकटते.

डावी बाजू बोलू लागली आणि घुमणारा आवाज दोन्हीकडून सारखाच येतो हे आता कळले. दोष एका बाजूला असेल तर त्या बाजूची साखळी तपासावी. दोन्हीकडे असेल तर दोघींमध्ये सामाईक काय आहे ते शोधावे. सामाईक असतो वीजपुरवठा. खुंटी शून्यावर आणली तरी घुमणे तसेच राहिले, म्हणजे ते मोबाइलकडून येत नव्हते. संगीत शिक्षिका मदतीला आल्या. आपली वीज 50 हर्ट्झची. तिची दोन्ही अर्धावर्तने एका दिशेला वळवली की चढउतार सेकंदाला 100 होतात, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. वायरचे आवरण तुटले किंवा अर्थिंग सदोष असले तर सहसा 50 हर्ट्झ ऐकू येतात. वीजपुरवठ्याचा फिल्टर कपॅसिटर सुकला तर 100. फोनवर 50 आणि 100 हर्ट्झचे स्वर वाजवून आम्ही ताडून पाहिले. बाईंनी लगेच वरचा सांगितला.

या कपॅसिटरमध्ये विद्युत्-अपघटनी द्रव असतो. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. गोंदियाचा मे महिना आणि त्यात बंद कपाट! वीज काढल्यावरही हे कपॅसिटर भार धरून ठेवतात, त्यामुळे हे काम सवयीच्या माणसाकडेच द्यावे. त्यांनी तेवढ्याच क्षमतेचे आणि कमी व्होल्टचे नसलेले कपॅसिटर, ऋण-धन टोके तपासून बसवले. स्पीकर जोडण्यापूर्वी डाव्या व उजव्या जोडणीवरील एकदिश दाब मोजायला आम्ही सांगितले. तो काही मिलिव्होल्ट भरला. काही व्होल्ट असता तर कॉइल खरोखरच जळली असती.

पेटी आता कपाटाबाहेर, टेबलावर ठेवली आहे.