घड्याळ पाहून मॉर्फिन

घोडपदेवच्या आमच्या चाळीत एका निवृत्त गिरणी कामगाराचा कर्करोग हाडांत पसरला होता. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. दर चार तासांनी एक. पण आजोबा कळवळू लागले की मगच आजी गोळी देत. "अफूच ना ती भाऊ, सवय लागली तर?"

मॉर्फिन अफूतूनच निघते, हे खरे. त्यांच्या दहावीतल्या नातीला मी वहीत एक गणित मांडून दाखवले. रक्तातील मॉर्फिन निम्मे व्हायला साधारण दोन ते तीन तास लागतात. किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुकालासारखेच. आपण दोन तास धरू. एका गोळीचे १६ भाग मानले, तर चार तासांनी ४ उरतात, आठ तासांनी १. (गोळी रक्तात तत्क्षणी उतरते असे मी मानले, भौतिकीवाल्यांची ही खोडच!) रात्री दहानंतरची गोळी चुकली, तर सकाळी सहाला रक्तात जवळजवळ काही नाही आणि वेदना पुरती जागी.

वेळेवर दिली तर? आधी १६, मग ४ + १६ = २०, मग ५ + १६ = २१, मग सव्वाएकवीस. कितीही दिवस गेले तरी २१ पूर्णांक एक तृतीयांशाच्या पुढे आकडा जात नाही.

"म्हणजे साचत नाही!" नात म्हणाली.

मात्र मूत्रपिंडे ठीक हवीत. मॉर्फिनपासून यकृतात बनणारा एक प्रभावी पदार्थ तीच बाहेर टाकतात. ती मंदावली की तो साचतो. गुंगी येते, श्वास मंदावतो. म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात, थोडक्यापासून वाढवत. रोगी हाकेला ओ देईनासा झाला, तर पुढची गोळी न देता तत्काळ डॉक्टरांना गाठायचे.

सवयीचे म्हणाल, तर औषध एकाएकी थांबवल्यास शरीराला त्रास होतो. पण ती व्यसनाची ओढ नव्हे. बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतेच, त्यासाठी रेचक सोबत देतात.

घड्याळानुसार औषध देण्याचा हा नियम जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितला. त्याच वर्षी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. परंतु १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने पुष्कळ ठिकाणी मॉर्फिन मिळेनासे झाले होते. २०१४मध्ये तो कायदा सुधारला.

आजींनी आमचे गजराचे घड्याळ मागून नेले. रात्री दोनला ते भिंतीपलीकडे वाजे आणि आमचीही झोपमोड होई. तिसऱ्या रात्री फक्त गजरच ऐकू आला, कण्हणे नाही.