गिटच्या फांद्यांचा गुंता कसा वाचायचा?

प्रबंधातली आकृती 4 कोडच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीतून आली, असं गाईडनी विचारलं तर सांगता येईल का? अशा वेळी आपण गिटचा ग्राफ उघडतो आणि समोर येतं रंगीत रेषांचं जाळं.

रेषांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करा. प्रत्येक कमिटमध्ये त्याच्या पालक कमिटची नोंद असते. ते कोणत्या ब्रँचवर केलं, याची नसते. ब्रँच म्हणजे एखाद्या कमिटकडे दाखवलेलं बोट. नवं कमिट केलं की बोट पुढे सरकतं. म्हणजे ग्राफमधले रंग आणि रकाने ही चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरची सोय. खरी माहिती एकच: कोण कोणाचा पालक.

साध्या कमिटला एक पालक, मर्जला सहसा दोन. लिनक्स कर्नलमध्ये तर 66 पालक असलेलं एक मर्ज आहे! म्हणून सगळं एकदम बघू नका. आधी प्रश्न ठरवा, मग चाळणी लावा:

- मुख्य कामाचा क्रम हवाय? 'गिट लॉग'ला 'ग्राफ'सोबत 'फर्स्ट-पेरेंट' हा पर्याय द्या. मर्ज करताना तुम्ही ज्या ब्रँचवर होतात, तिचं टोक म्हणजे पहिला पालक. बाजूच्या फांद्यांवरच्या बारीक पायऱ्या यात दिसत नाहीत.
- फक्त मोठे टप्पे हवेत? 'ऑल' आणि 'सिम्प्लिफाय-बाय-डेकोरेशन' वापरा. ब्रँच किंवा टॅगचं नाव असलेले कमिट तेवढे उरतात.
- दोन ब्रँच कुठे वेगळ्या झाल्या? 'गिट मर्ज-बेस' तो सामाईक पूर्वज सांगतं.

आता जपायच्या दोन जागा. फांदी काढल्यापासून मुख्य ब्रँच पुढे सरकलीच नसेल, तर गिट एरवी फास्ट-फॉरवर्ड करतं. मर्ज कमिट बनत नाही आणि फांदी होती याचा चित्रात मागमूस राहत नाही. ती दिसायला हवी असेल तर 'नो-एफएफ' लावून मर्ज करा. दुसरी जागा रिबेसची. रिबेस केल्यावर कमिट नव्याने लिहिले जातात, त्यांचे हॅश बदलतात. वहीत टिपलेला जुना हॅश मग ग्राफमध्ये सापडत नाही, आणि त्याच्याकडे कोणाचंच बोट उरलं नसेल तर कालांतराने गिट तो कमिट झाडूनही टाकतं.

तेव्हा आकृती तयार केल्या केल्या त्या कमिटला टॅग लावा आणि टॅगचं नाव आकृतीच्या फाइलशेजारी लिहून ठेवा. टॅग असेपर्यंत तो कमिट जात नाही. गाईडचा प्रश्न वर्षभराने आला तरी उत्तर एका कमांडवर मिळेल.