दहा तास विम्याचे, पुढचे आपले

श्टुटगार्ट : बाळंतिणीने व्यायाम करावा की नाही, हा जर्मनीत घरातल्या मोठ्यांनी ठरवण्याचा विषय नाही. आरोग्यविम्याने तो कधीच ठरवून टाकला आहे. सुईणीच्या देखरेखीखाली, गटात, दहा तास. खर्च विम्याचा. अट इतकीच की बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत हे तास संपले पाहिजेत. बिस्मार्कने १८८३ साली सुरू केलेल्या सक्तीच्या आरोग्यविम्यात आज देशातली दहातली जवळपास नऊ माणसं आहेत, त्यामुळे ही सोय दुकानातल्या बाईला आहे तशी इंजिनिअर बाईलाही आहे. एक खोच मात्र खास जर्मन. तुम्ही तास बुडवलात तर त्याचे पैसे विमा देत नाही, आणि बहुतेक सुईणी ते तुमच्याकडून वसूल करतात. बाळ रात्रभर जागलं, ही सबब हिशेबात धरली जात नाही.

सुरुवात लगेच नसते. बाळंतपणानंतर आठ आठवडे नोकरदार बाईला कामावर घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. त्या काळात सुईण घरी येते, पहिले दहा दिवस हवं तर रोज. टाके बघते, बाळाचं वजन करते आणि आईला झोपायला लावते. पहिला आठवडा अंथरुणात, दुसरा अंथरुणावर, तिसरा अंथरुणाच्या आसपास, असं इथल्या सुईणींचं सांगणं असतं. सांगलीहून आलेल्या आईला हे ऐकून फार बरं वाटतं, कारण ती तरी सव्वा महिना वेगळं काय सांगत असते? वाद पुढे होतो. सहा-आठ आठवड्यांनी, सिझेरियन असेल तर आणखी थांबून, मुलगी चटई काखेत मारून निघते आणि आई म्हणते, “अगं, अजून अंग ओलं आहे तुझं.”

तिथे काय चालतं हे पाहिलं तर आईचा जीव भांड्यात पडेल. सुईणीच्या दवाखान्यामागची खोली, दाराशी बुटांची रांग, आठ-दहा चटया आणि प्रत्येक चटईच्या कडेला एक बाळ. पहिला निम्मा तास बायका नुसत्या पडून श्वास घेताना दिसतात. प्रत्यक्षात त्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू शोधत असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांचा भार ज्यांच्यावर असतो आणि गरोदरपणात जे ताणले जातात, ते हे स्नायू. श्वास सोडताना ते वर ओढायचे, श्वास घेताना पूर्ण सैल सोडायचे. सैल सोडणं हा व्यायामाचा निम्मा भाग आहे, हे सुईण दहादा सांगते. मग ती एकेकीपाशी गुडघ्यांवर बसते, डोकं जरासं उचलायला सांगते आणि बेंबीच्या वर-खाली बोटं टेकवून पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये किती बोटांची फट राहिली आहे ते बघते. फट रुंद असेल तर पोटावर जोर देऊन उठण्याचे व्यायाम बंद. खोलीत वजनकाटा नाही. सुटलेल्या पोटाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि मला या वर्गाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच. आपल्याकडचे डिंकाचे लाडू चालू राहू देत. पोटपट्ट्याने स्नायूंना ताकद येते, हा समज मात्र सोडावा.

दहा तास संपले की विमा हात झटकतो. इथेच ही व्यवस्था तोकडी पडते, कारण खरी ताकद कमवायची ती यानंतर. गाडीत बसवायचं बाळाचं आसन रिकामंच साडेतीन-चार किलो भरतं. त्यात तीन-चार महिन्यांचं बाळ ठेवलं की दहा किलो होतात, आणि ते एका हातात घेऊन बाई रोज जिने चढते. म्हणजे वजन उचलणं सुरू झालेलंच असतं, फक्त ते नीट शिकवलेलं नसतं. बऱ्याच जणी मग गावातल्या क्रीडासंघात नाव घालतात. अशा संघांच्या परंपरेचा जनक याह्न. त्याने १८११ साली बर्लिनमध्ये कसरतीचं मैदान काढलं ते पुरुषांसाठी. आमच्या शहरातला एक मोठा संघ १८४३ सालचा आहे आणि त्याच्या नावात ‘पुरुषांचा’ हा शब्द अजून टिकून आहे. आत बायका भरपूर असतात.

नवख्या बाईचा श्रीगणेशा साधाच होतो. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, उताणं पडून कंबर उचलणं, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळाही ढब बिघडली नाही तर वजन थोडं वाढवायचं. बायकांचा लोखंडी बार रिकामाच पंधरा किलोचा असतो. त्याच्यापर्यंत पोचायची घाई नको. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. लघवी गळली किंवा खाली जड वाटलं, काही उतरल्यासारखं वाटलं, तर थांबायचं, वजन कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. लाज गिळून पुढे रेटायचं नाही. उड्या आणि धावणं नंतर. अंगावर पाजणाऱ्या आईने बेताचा व्यायाम केला तर दूध आटत नाही, हेही आजीला सांगून ठेवावं.

सगळं आलबेल आहे असं नाही. मोठ्या शहरांत सुईणी पुरत नाहीत आणि वर्ग बहुतेक जर्मनमधूनच चालतात.

म्हणून ज्यांच्या लेकी-सुना इथे बाळंत होणार आहेत त्यांना दोन गोष्टी सांगते. गोड बातमी कळताच तिला सुईण शोधायला लावा, सातव्या महिन्यापर्यंत थांबू नका. आणि तुमचा व्हिसा नव्वद दिवसांचा असणार, तर बाळंतपणाच्या महिनाभर आधी येऊन ते दिवस घालवू नका. वर्ग सुरू होईल तेव्हा बाळाला सांभाळायला तुम्ही इथे असाल, अशा बेताने तिकीट काढा.