डोळा बाहेर सरकतो? जास्त मायनसचा चष्मा काय करतो ते बघा

लांब बघताना किंवा दमल्यावर लहान भावाचा एक डोळा बाहेर सरकतो? अशा मुलांना काही डॉक्टर गरजेपेक्षा जास्त मायनसचा चष्मा देतात. लॉजिक सोपं आहे. डोळा जोर लावून फोकस करतो, तेव्हा दोन्ही डोळे आपोआप आत वळतात. हा चष्मा तो जोर लावायला भाग पाडतो.

मग डोळा कायमचा सरळ होतो का? अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने ३ ते १० वर्षांच्या ३८६ मुलांवर चाचणी केली. निकाल २०२१ मध्ये आला. चष्मा होता तोवर फायदा दिसला, बंद केल्यावर टिकला नाही. शिवाय वर्षभरात १७ टक्के मुलांचा मायनस नंबर एकपेक्षा जास्त वाढला. इतर मुलांत हे प्रमाण १ टक्का होतं.

म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा: चष्मा किती दिवस, आणि नंबर पुन्हा कधी तपासायचा?