समवंशी जीवाणू आणि यदृच्छा

प्राण्याचे वर्तन त्याच्या वंशातून आणि परिसरातून घडते, ही धारणा वाङ्मयसमीक्षेने एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाकडून घेतली. इपोलित तेन यांनी वाङ्मयाचा उलगडा वंश, परिसर आणि काल यांच्या आधारे केला. एमिल झोला यांनी १८८० मध्ये प्रायोगिक कादंबरीचा पुरस्कार करताना प्रायोगिक वैद्यकाचा दाखला दिला. ही धारणा तपासण्यास जीवाणू विशेष सोयीचे ठरतात. एकाच पेशीच्या विभाजनातून झालेल्या संततीचा वंश एक असतो आणि ती एकाच भांड्यात वाढविली तर परिसरही जवळजवळ एकच राहतो.

जॉन स्पुडिच आणि डॅनियल कोशलंड यांनी १९७६ मध्ये अशा समवंशी साल्मोनेला जीवाणूंचे पोहणे न्याहाळले. आवडते द्रव्य एकाएकी वाढले की हे जीवाणू कोलांट्या थांबवून सरळ पोहतात आणि काही वेळाने पूर्ववत होतात. हा अवधी प्रत्येकाचा निराळा होता आणि हे निराळेपण टिकूनही राहत होते. याचे मूळ असे की, पेशीतील काही रेणू संख्येने फार थोडे असतात. त्यांची गाठ केव्हा पडेल हे ठरलेले नसते आणि विभाजनाच्या वेळी त्यांची वाटणीही काटेकोर होत नाही.

या भिन्नतेचा संबंध रोगोपचाराशीही पोहोचतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्यापूर्वीच, १९४४ मध्ये, जोसेफ बिगर यांनी दाखविले होते की पेनिसिलिनच्या माऱ्यातून स्टॅफिलोकॉकस जीवाणूंपैकी अगदी थोडे वाचतात. मात्र वाचलेल्यांची संतती पुन्हा त्याच औषधाला बळी पडते. म्हणजे त्यांना तारले ते वंशातील बदलाने नव्हे, तर त्या वेळच्या त्यांच्या अवस्थेने. क्षयाचे जीवाणूही असे तग धरतात. बरे वाटू लागल्यानंतरही रुग्णाला कित्येक महिने औषध घ्यावे लागते, त्याचे हे एक कारण मानले जाते.

श्वेताश्वतर उपनिषदातील जगत्कारणाच्या चर्चेत काल, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला यदृच्छाही बसविली आहे, जरी अंतिम कारणाचा मान तिला दिलेला नाही. मराठी परिभाषेतील ‘यादृच्छिक’ हा शब्द तिच्यापासूनच आलेला आहे. यादृच्छिक म्हणजे नियमशून्य मात्र नव्हे: कोणता जीवाणू वाचेल हे सांगता येत नाही, साधारण किती वाचतील याचा अंदाज बांधता येतो. जीवाणूंचा हा न्याय लेखकाला लावणे म्हणजे जुनी उसनवारी नव्याने करणे होय. परंतु वंश आणि परिसर सांगितला की व्यक्ती सांगून झाली, असे म्हणणाऱ्या समीक्षेला विज्ञानाचा आधार आता उरलेला नाही.