गाडी रस्त्यात बंद पडली तर? वर्षाची वर्गणी बरी की दर वेळचे क्रेनचे भाडे?



आता बऱ्याच गावांत शेतकऱ्यांच्या स्वतःच्या पिकअप आणि छोटे टेम्पो आहेत. माल आपला, गाडी आपली. पण टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी पहाटे घाटात बंद पडली की लिलावाची वेळ टळते आणि क्रेनवाला सांगेल ती रक्कम मोजावी लागते. हे टाळण्यासाठी काही कंपन्या वर्षाची वर्गणी घेऊन 'रस्त्यावरची मदत' देतात. ती वर्गणी भरावी, की गाडी अडेल तेव्हा क्रेनचे पैसे द्यावेत? याचा हिशेब कसा मांडायचा, ते या पत्रकात पाहू.

वर्गणीची कल्पना काय आहे?

ही कल्पना जुनी आहे. मुंबईत मोटारवाल्यांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ साली सुरू झाली. तत्त्व साधे आहे. पुष्कळांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्याची गाडी अडेल त्याला मदत मिळायची. म्हणजे ज्याची गाडी अडत नाही, त्याचे पैसे दुसऱ्याच्या क्रेनला जातात. यात गैर काही नाही. पण आपण कोणत्या बाजूला आहोत हे आधी ओळखावे.

आधी घरातले कागद बघा

नवी वर्गणी भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा.

१. गाडी नवी असेल तर काही वर्षांची रस्त्यावरची मदत कंपनीनेच दिलेली असू शकते. खरेदीच्या वेळचे पुस्तक उघडून बघा किंवा शोरूमला विचारा.

२. विम्याचा कागद वाचा. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा तुमची बंद पडलेली गाडी ओढून आणत नाही. फुल विमा असला तरी ओढून नेण्याचा खर्च साधारणपणे अपघात झाल्यावर आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळतो. नुसती बंद पडलेली गाडी त्यात येत नाही. त्यासाठी विम्यावर जादा पैसे भरून वेगळे कलम घ्यावे लागते. ते तुमच्या कागदावर आधीच असेल, तर तीच मदत पुन्हा विकत घेऊ नका.

३. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. तिथली क्रेन बंद गाडी वाहतुकीच्या वाटेतून बाजूला घेते. मात्र तुमच्या गावच्या मिस्त्रीच्या दारात गाडी पोहोचवणे हे तिचे काम नव्हे.

तीन वर्षांचा हिशेब मांडा

एका वर्षावरून अंदाज येत नाही. मागच्या तीन वर्षांत गाडी किती वेळा ओढून आणावी लागली ते आठवा. पंक्चर, उतरलेली बॅटरी, तुटलेला फॅन बेल्ट, डिझेल लाइनमध्ये शिरलेली हवा यांत गाडी ओढावी लागत नाही. मिस्त्री जागेवर येऊन काम भागवतो. ते वेगळे मोजा.

आता दोन उदाहरणे घेऊ. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या भागातले दर विचारून तेच मांडा.

समजा वर्गणी वर्षाला १,८०० रुपये आहे. तीन वर्षांचे झाले ५,४०० रुपये.

पहिला शेतकरी: गाडी तालुक्याच्या बाजारापलीकडे जात नाही. तीन वर्षांत एकदा क्रेन लागली, २,५०० रुपये गेले. वर्गणी भरली असती तर २,९०० रुपये जादा गेले असते. याने दर वेळचे भाडेच द्यावे.

दुसरा शेतकरी: आठवड्याला दीडशे किलोमीटरवरच्या बाजाराला जातो. तीन वर्षांत दोनदा क्रेन लागली, प्रत्येक वेळी ६,००० रुपये. एकूण १२,००० रुपये. वर्गणीत पहिले ५० किलोमीटर फुकट आहेत, पण गाडी ९० किलोमीटर आणावी लागली. वरच्या ४० किलोमीटरला ३० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये, दोन वेळचे २,४००. वर्गणी धरून ७,८०० रुपये झाले. याचे ४,२०० रुपये वाचले. याने वर्गणी भरणे फायद्याचे.

म्हणजे गाडी किती जुनी, यापेक्षा ती घरापासून किती लांब आणि किती वेळा जाते, यावर निर्णय ठरतो.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

उत्तरे तोंडी नकोत, लेखी मागा.

• मालवाहू गाडी चालते का? काही योजना फक्त घरगुती मोटारींसाठी असतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे वेगळे विचारा.
• माल भरलेली गाडी ओढतात का, की आधी माल उतरवायला सांगतात?
• आमच्या गावच्या रस्त्यावर येता का? क्रेन कोणत्या गावाहून निघते?
• वर्षातून किती वेळा? किती किलोमीटरपर्यंत? पुढचा दर काय?
• वर्गणी भरल्यावर किती दिवसांनी मदत लागू होते?

शेवटच्या मुद्द्याकडे लक्ष द्या. गाडी अडल्यावर पैसे भरून त्याच दिवशी मदत मिळेल, असे धरून चालू नका. आणि कबूल केलेली मदत मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यासाठी पावती आणि फोन केल्याची वेळ जपून ठेवा.

वर्गणी भरायची नसेल तर

मग तयारी आपली हवी. रस्त्यालगतच्या दोन क्रेनवाल्यांचे आणि दोन मिस्त्रींचे फोन वहीत लिहून गाडीत ठेवा. मोबाइलची बॅटरी ऐनवेळी उतरते, वही उतरत नाही. हुक लावण्यापूर्वी दर ठरवा. ठोक की किलोमीटरवर? एका बाजूचा की जाऊन-येऊन? टोल कोणाकडे? रात्रीचे जादा किती? पावती मागून घ्या.

गावात वीसेक गाड्या असतील तर श्रोता मंडळात किंवा शेतकरी गटात हा विषय काढा. प्रत्येकाने वर्षाला ३०० रुपये काढले तरी ६,००० रुपयांचा निधी होतो. एका क्रेनवाल्याशी सर्वांसाठी मिळून दर ठरवला, तर एकट्याने अडलेल्या वेळी ठरवण्यापेक्षा तो कमीच पडेल.

माल कोण वाचवणार?

ही खरी गोष्ट. वर्गणी गाडीची असते, मालाची नसते. क्रेन आली तरी ती गाडी गॅरेजला नेते, बाजाराला नेत नाही. कांदा काही तास थांबेल, पण मेथी-कोथिंबीर थांबत नाही. म्हणून माल बदलून घेण्यासाठी बाजाराच्या वाटेवरच्या एक-दोन पिकअपवाल्यांचे फोन आधीच घेऊन ठेवा. गाडी अडली की पहिला फोन त्यांना, दुसरा आडत्याला आणि तिसरा क्रेनला.

जिवाची काळजी

गाडी डाव्या कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, मागे अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. माणसांनी गाडीत किंवा गाडीमागे थांबू नये, रस्त्याच्या बाहेर उभे राहावे. खुणेसाठी दगड मांडले असतील तर निघताना ते आठवणीने उचला. रात्री त्याच दगडांवर दुचाकीवाला पडतो. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, म्हणून घाटात टोचन लावून भरलेली गाडी ओढू नका. तिथे क्रेनच बोलवा. अपघात झाला असेल तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

थोडक्यात सांगायचे तर

गाडी तालुक्यातच फिरते त्याने वर्गणीचे पैसे बॅटरी, बेल्ट, टायर आणि वेळच्या सर्व्हिसिंगवर घालावेत. लांबच्या बाजाराला नेमाने जाणाऱ्याने कागद वाचून, आपल्या रस्त्यावर क्रेन येते याची खात्री करून वर्गणी भरावी. आणि दोघांनीही माल बदलून घेण्याची सोय आधी करून ठेवावी. गाडी उद्या दुरुस्त होईल, पण आजचा लिलाव उद्या होत नाही.