अपघातात कर्ता माणूस गेला. भरपाईच्या दाव्यासाठी थांबू नका, मुदत सहा महिन्यांचीच

रस्ते अपघातात घरातला कर्ता माणूस गेला की कुटुंब पोलिस तपासाकडे डोळे लावून बसते. पण चालकावरचा गुन्हा आणि कुटुंबाची भरपाई ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार चालकाला शिक्षा होवो न होवो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा स्वतंत्र चालतो. खटल्याच्या निकालासाठी थांबणे मात्र महागात पडू शकते. १ एप्रिल २०२२ पासून हा दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. अपघात नाशिकला झाला आणि कुटुंब लातूरला राहत असेल, तर दावा लातूरलाही करता येतो.

रक्कम कशी ठरते?

समजा, ३२ वर्षांचा रिक्षाचालक महिना २० हजार कमवत होता. मागे पत्नी, दोन मुले, आई. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) निकालांतील सूत्रानुसार वर्षाच्या २.४० लाखांत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. उरलेल्या २.५२ लाखांना वयानुसार १६ ने गुणायचे. झाले ४०.३२ लाख. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. मृताचीही चूक सिद्ध झाली, तर त्या प्रमाणात कपात होते.

खरी ओढाताण होते ती उत्पन्नाच्या पुराव्यावरून. रोखीत कमावणाऱ्याचे पासबुक, परमिट, कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर? ‘हिट अँड रन’ योजनेत मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.